मोज्यांचा खण

ब्लॉक क, खोली एकशे चौदा.
छताला पुन्हा मोजा घातलाय कुणीतरी.

धूर ओळखणारं ते पांढरं यंत्र,
उपड्या वाटीएवढं,
त्यावर राखाडी लोकरीचा मोजा
रबरबँडनं गच्च आवळलेला,
लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसा.

मी स्टुलावर चढतो.
खाली आठ माणसं झोपेचं सोंग घेऊन पडलेली.
सोंगाचा श्वास वेगळा असतो,
सहा वर्षांत तो ओळखू यायला लागलाय.
फोडणीच्या वासाला सोंग जमत नाही.
मोहरी, सुकी मिरची,
आणि खाटेखाली अजून निवत असलेली शेगडी.

आडनाव मुकादम, गाव बाणकोट.
खापरपणजोबा खरंच कुणाचे मुकादम होते की नव्हते
ते खाडीलाच ठाऊक.
इथे सोहारात मला नाव नाही. सेफ्टी.
सेफ्टी आला, की एक्स्टेन्शन बोर्ड गादीखाली जातात,
जिन्यातल्या सायकली गच्चीवर जातात,
कॅरम खेळणारे उगाच उभे राहतात.
तेलुगू, नेपाळी, बंगाली, मल्याळी,
शब्द चारही भाषांत तोच
आणि चारहींत त्याचा अर्थ दंड.

पाच रियाल. दीड दिवसाची मजुरी.
नियम मी केलेला नाही.
चुकीचा आहे असंही म्हणवत नाही मला.
ब्लॉक अ-चा जिना मी पाहिलाय,
सकाळी, बंबवाले गेल्यावर:
पायऱ्यांना चिकटलेल्या रबरी चपला,
सगळ्यांची तोंडं खाली, दाराकडे,
सातव्या पायरीनंतर एकही नाही.

असो.

चोर शोधायला अक्कल लागत नाही.
दाराबाहेर बुटांची रांग.
सात जोड्यांत मोजे दोन-दोन,
आठवीत एकच, चुरगाळून कोंबलेला.
यादगिरी. शटरिंगचा सुतार. जगतियालचा.
एकोणीस वर्षं.
वहीत लिहितो: मालक सापडला नाही.
मोजा खिशात, खिशातून ऑफिसच्या खालच्या खणात.
तिथे असे सत्तावीस आहेत.
फेकायचे म्हणतो दर महिन्याला.

मार्चात त्याचं फायनल एक्झिट लागलं.
केसांना कलप, शर्टाला घड्यांच्या रेघा,
दारातच उभा राहिला, आत येईना.
"सेफ्टी साब, मेरा मोजा देव.
एकीच मोजा लेके घर कैसा जाऊँ?"

मी खण टेबलावर उपडा केला.
हिरवा, टाच फाटलेला: ब्लॉक ब, दोनशे तीन.
फुटबॉलवाला: तो नेपाळी पोरगा, आता कतारात.
एक पांढरा, कुणाचा ते आठवेना, फार वाईट वाटलं.
यादगिरीनं आपला लगेच उचलला.
पहिल्या विमानात पाय गारठतील म्हणून
बायकोनं आठवडी बाजारातून आणलेली जोडी.
येताना घातली होती. जातानाही घालायची.
तिथेच खुर्चीवर बसून चढवला,
खालून तेलकट, वर रबरबँडचा वळ.
"और दंड?" म्हणाला.
वही उघडून दाखवली. वाचता येत नव्हतं त्याला मराठी,
तरी बराच वेळ बघत राहिला.

रात्री माझी खोली. एकट्याची, हुद्द्यामुळे.
घरून आलेले सोडे पिशवीत,
दुहेरी गाठ मारूनही दरवळणारे.
शेगडी आहे. हो, माझ्याकडेही आहे.
कांदा चिरून झालाय, तेल पळीत.
डावा मोजा काढून हातात घेतो,
स्टूल ओढतो, चढतो.

त्या वाटीत एक तांबडा ठिपका
दर चाळीस सेकंदांनी लुकलुकतो, ठीक आहे म्हणून.
तेवढं एकदा बघू, मग बांधू.
हातात मोजा, आणि मी मोजतो.
सदतीस. अडतीस.
जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजतात.